लाल टॅगला ४८ तासांत उत्तर: कारखान्यात पर्यावरणाची सवय कशी लावावी

रविवारची दुपार. कारखान्याला सुट्टी, शेडमध्ये सिक्युरिटीवाल्यांशिवाय कुणी नाही. अशा वेळी मशीन शॉपमध्ये पाच मिनिटं गप्प उभं राहिलं की एक बारीक आवाज कानावर येतो. कुठल्या तरी जोडातून दाबाची हवा सुटत असते. ७ बार दाबावर ३ मिमीच्या एका भोकातून सुटणारी हवा पुन्हा भरायला कंप्रेसर सुमारे ३ ते ४ किलोवॅट वीज खातो. वर्षाला ६,००० तास लाइनमध्ये दाबाची हवा भरलेली असेल, तर त्या एका भोकाची किंमत १८ ते २४ हजार युनिट होते.

त्या मशीनवर रोज उभा राहणाऱ्या ऑपरेटरला ही गळती माहीत असते. त्याने ती बहुतेक वेळा सांगितलेलीही असते. एकदा सुपरवायझरला, एकदा मेंटेनन्सच्या माणसाला. ‘बघतो’ असं उत्तर मिळालं आणि तिसऱ्यांदा त्याने सांगितलं नाही. कामगारांना पर्यावरणाची जाणीव नाही, असं वरच्या बैठकांमध्ये म्हटलं जातं तेव्हा हा ऑपरेटर डोळ्यांसमोर आणावा. जाणीव त्याला होती. सांगून उपयोग होत नाही, हेही त्याला कळलं होतं.

पुढची पद्धत एमआयडीसीतल्या मध्यम कारखान्यासाठी आहे: दोनशे-तीनशे माणसं, दोन किंवा तीन पाळ्या, एक कॅन्टीन, एक-दोन कंप्रेसर. ती प्लांट हेड, विभागप्रमुख आणि सुपरवायझर यांच्यासाठी लिहिली आहे.

बोलण्याआधी मोजा

पहिला आठवडा भाषण नको, फलक नको, शपथ तर नकोच. तीन गोष्टी मोजून घ्या.

पहिली, हवेची गळती. सुट्टीच्या दिवशी उत्पादन बंद असताना कंप्रेसर चालू करा. मशीनकडे जाणारे हवेचे व्हॉल्व्ह मात्र उघडे ठेवा. इथेच हमखास चूक होते. मेन व्हॉल्व्ह बंद करून चाचणी घेतली की फक्त पाइपलाइनची गळती दिसते. मशीनच्या आतले फिटिंग, सिलिंडरची सील, एफआरएल युनिट (हवा गाळणारं, दाब नेमणारं आणि तेल देणारं) तपासायचं राहून जातं आणि सर्वांत जास्त गळत्या तिथेच असतात. आता घड्याळ घेऊन कंप्रेसर किती वेळ लोडवर (हवा भरत) आणि किती वेळ अनलोडवर (नुसता फिरत) राहतो, ते पाच वेळा टिपा आणि सरासरी काढा. लोडचा वेळ भागिले लोड आणि अनलोड मिळून झालेला वेळ, गुणिले १००. आलेला आकडा म्हणजे कंप्रेसरच्या क्षमतेचा किती टक्के भाग नुसता गळतोय.

५५ किलोवॅटचा कंप्रेसर ४ मिनिटं लोडवर आणि ६ मिनिटं अनलोडवर असेल, तर गळती ४० टक्के. ढोबळ हिशेबाने २२ किलोवॅट. वर्षाच्या ६,००० तासांना १,३२,००० युनिट. युनिटला ९ रुपये धरले तरी बारा लाखांच्या आसपास. ग्रिडच्या विजेमागे युनिटला साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर ९२ टन. नीट सांभाळलेल्या कारखान्यात ही गळती १० टक्क्यांच्या आत असते.

व्हीएफडी कंप्रेसर लोड-अनलोड होत नाही, तो वेग बदलतो. तिथे रिसीव्हरची, म्हणजे हवा साठवण्याच्या टाकीची, पद्धत वापरा. दाब ७ बारवर न्या, कंप्रेसर बंद करा आणि दाब ५ बारवर यायला किती मिनिटं लागतात ते मोजा. रिसीव्हर आणि पाइपलाइन मिळून २ घनमीटर जागा असेल आणि ४ मिनिटं लागली, तर गळती मिनिटाला सुमारे १ घनमीटर, म्हणजे साडेसहा किलोवॅटच्या आसपास.

दुसरी, रिकाम्या कारखान्याची वीज. शनिवारी शेवटची पाळी सुटल्यावर आणि सोमवारी पहिली पाळी लागण्याआधी मीटरचं रीडिंग घ्या. यातला फरक म्हणजे एकही नग न बनवता जळलेली वीज. हा आकडा बघून भल्याभल्यांचे डोळे उघडतात.

तिसरी, कॅन्टीनचा ओला कचरा. सात दिवस तीन वेगळ्या बादल्या ठेवा: भाजी निवडताना निघालेलं, भांड्यात उरलेलं आणि ताटात टाकलेलं. तिन्ही वेगवेगळं तोला. भांड्यात उरलेलं हा जेवणाऱ्यांच्या संख्येचा अंदाज चुकल्याचा परिणाम असतो आणि तो अंदाज कामगार करत नाहीत. हाजिरीचा आकडा सकाळी साडेनऊपर्यंत स्वयंपाकघरात पोहोचत नाही, हे त्याचं नेहमीचं कारण. म्हणजे दोष एचआरच्या टेबलावर आणि उपदेश मात्र ताटासमोर बसलेल्याला, असं होता कामा नये.

दुसरा आठवडा: आधी स्वतःची केबिन

कॅनडातले संशोधक जेनिफर रॉबर्टसन आणि ज्युलियन बार्लिंग यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वरिष्ठांचं स्वतःचं पर्यावरणपूरक वागणं आणि कर्मचाऱ्यांचं वागणं यांचा संबंध दाखवला. आपल्याकडे हे सांगायला अभ्यासाचीही गरज नाही. साहेबांच्या केबिनमध्ये एसी कितीवर असतो, हे चहा नेणाऱ्या मामांना माहीत असतं आणि मामांना माहीत म्हणजे सगळ्या शॉपला माहीत.

म्हणून परिपत्रक काढण्याआधी चार गोष्टी गुपचूप बदला. केबिनचा एसी २४ अंशांवर ठेवा. तापमान एक अंशाने वाढवलं की विजेत सुमारे ६ टक्के बचत होते, असं ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतं. स्टार लेबलच्या खोलीच्या एसींना २४ अंश हे मूळ सेटिंग १ जानेवारी २०२० पासून बंधनकारक आहे. बैठकीच्या टेबलावरच्या पाण्याच्या छोट्या बाटल्या काढून जग आणि पेले ठेवा. गेटपाशी साहेबांची वाट बघत एसी लावून उभी राहणारी गाडी बंद करायला ड्रायव्हरला सांगा. आणि कॅन्टीनमध्ये सगळ्यांच्या रांगेत जेवा, आठवड्यातून दोनदा तरी.

या बदलांची घोषणा करू नका. पंधरा दिवसांत ते लोकांच्या तोंडी आपसूक येतात. केबिनमध्ये १८ अंश ठेवून शॉपमध्ये ‘वीज वाचवा’चं स्टिकर लावलं, तर ज्या दिवशी लावलं त्याच दिवशी ते मेलं असं समजा.

लाल टॅग

आता मुख्य गोष्ट. यावर सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण बाकी सगळं यावर उभं आहे.

पुठ्ठ्याचे किंवा रेक्झिनचे दोन भागांत फाटणारे लाल टॅग छापून घ्या. दोन्ही भागांवर एकच क्रमांक, मशीनचं नाव, तारीख आणि लावणाऱ्याचं नाव. एक भाग गळतीच्या जागी लटकतो, दुसरा शॉपमधल्या फलकावर. हवा, तेल, कूलंट, पाणी, वाफ, विनाकारण चालू असलेली मोटर, काहीही चालेल. टॅग कोणीही लावू शकतो: ऑपरेटर, हेल्पर, कंत्राटी कामगार, झाडलोट करणाऱ्या मावशी. हवेचा जोड शोधायला प्रत्येक लाइनवर साबणाच्या पाण्याची एक फवारा बाटली ठेवा.

नियम एकच: टॅग लागल्यापासून ४८ तासांत उत्तर. उत्तर म्हणजे दुरुस्ती, किंवा दुरुस्तीची तारीख आणि उशीर का होणार त्याचं कारण. ‘मशीन थांबवल्याशिवाय होणार नाही, १४ तारखेच्या शटडाउनला करू’ हे चालतं. गप्प राहणं चालत नाही.

सुरुवात सगळ्या कारखान्यात करू नका. एक लाइन निवडा आणि ३० टॅग द्या. एका झटक्यात सगळीकडे टॅग वाटले की पहिल्या आठवड्यात दीडशे लागतात, मेंटेनन्सचे चौघे कोलमडतात आणि महिन्याभराने धूळ बसलेले लाल टॅग सगळीकडे लोंबत राहतात. यापेक्षा टॅग नसलेले बरे. कारण आता प्रत्येकाला रोज दिसतं की सांगून काहीच होत नाही.

टॅग साचण्याचं दुसरं कारण स्टोअरमध्ये असतं. हवेच्या बहुतेक गळत्या शंभर-दोनशे रुपयांच्या सामानाने बंद होतात. पण ते सामान स्टोअरमध्ये नसतं आणि मागवायला तीन सह्या लागतात. म्हणून ६, ८ आणि १० मिमीची पीयू ट्यूब, पुश फिटिंग, टेफ्लॉन टेप, होज क्लिप, एफआरएलचे सील किट, बॉल व्हॉल्व्ह यांचा ठरावीक साठा लाइनजवळच्या पेटीत ठेवा आणि मेंटेनन्सच्या माणसाला सहीशिवाय उचलू द्या. प्लांट हेडने याच एका परवानगीवर सही केली, तरी वर्षभराच्या फलकांपेक्षा जास्त काम होतं.

दुरुस्ती झाली की टॅगचा लटकलेला भाग काढून ज्याने लावला त्याच्या हातात द्या. ‘झालं बघ दादा’ म्हणून. हे मेंटेनन्सवाल्यानेच करावं. फलकावर टॅग लावणाऱ्याचं नाव आणि वाचलेली वीज लिहा.

टॅग सुरू करायला उत्तम मुहूर्त म्हणजे खंडेनवमी. दसऱ्याच्या आधी तशीही प्रत्येक मशीन पुसून, धुऊन, हार घालायला तयार केली जाते. ऑपरेटर मशीनच्या मागच्या बाजूला वर्षात एकदाच हात घालतो, तो तेव्हा. त्याच दिवशी त्याच्या खिशात टॅग असला, तर वेगळी मोहीम काढावी लागत नाही.

फेरी

दर आठवड्याला एक वार आणि एक वेळ ठरवा. २० मिनिटं, एक लाइन. महिन्यातून एकदा तिसऱ्या पाळीत या, कारण अर्ध्या सवयी रात्री बिघडतात. सोबत सुपरवायझर आणि मेंटेनन्सचा एक जण. हातात वही. मोबाइल खिशात.

‘हा लाइट कोणी चालू ठेवला?’ हा प्रश्न विचारला की पुढच्या फेरीला तुमच्या आधी दहा मिनिटं निरोप पोहोचतो आणि सगळं चकाचक दिसतं. विचारायचं ते असं: ‘हे बंद ठेवायला काय अडचण येते?’ मग खरी उत्तरं येतात. स्विच खांबाच्या पलीकडे आहे. एका स्विचवर बारा दिवे आहेत, चार हवे असले तरी बारा लावावे लागतात. पंखा बंद केला तर शेजारच्याला गरम होतं. ही उत्तरं वायरिंग बदलून सुटतात, प्रबोधनाने सुटत नाहीत.

हवेच्या गनने कपडे झाडणं हे असंच एक उदाहरण. दाबाची हवा अंगावर मारणं धोक्याचं आहे. डोळ्यात कण जातो, कातडीखाली हवा शिरू शकते, आणि हवा वाया जाते ती वेगळीच. मनाई करून ते थांबत नाही, कारण कपड्यावरचे बर (धातूचे बारीक कण) काढायला दुसरं काही हाताशी नसतं. मशीनजवळ ब्रश टांगा, पाळी सुटायच्या जागी एक व्हॅक्यूम ठेवा आणि गनना २ बारपर्यंत दाब कमी करणारे नोझल बसवा. नंतर मनाई करा.

फेरीत सुपरवायझरला डावलून थेट ऑपरेटरला सूचना देऊ नका. त्याचा मान गेला की तुमची पाठ वळताच तो ती सूचना बुडवतो, आणि त्याच्या जागी दुसरा कोणी असता तर त्यानेही तेच केलं असतं.

बंद करू की नको?

सुपरवायझरला रोज नग मोजून द्यायचे असतात. जेवणाच्या सुट्टीत मशीन बंद केलं आणि सुरू करताना पहिले चार नग रिजेक्ट गेले, तर त्याला जाब द्यावा लागतो. म्हणून तो ‘चालू राहू दे’ म्हणतो. ही कोंडी वरूनच फोडावी लागते. प्रत्येक स्विचवर रंगाचा ठिपका लावा.

हिरवा म्हणजे कोणीही, कधीही बंद करा: काम नसलेल्या बेचे (शेडमधल्या भागाचे) दिवे, पंखे, रिकामा कन्व्हेयर, मशीन थांबलेलं असताना चिप कन्व्हेयर. पिवळा म्हणजे सुपरवायझरला विचारून: हायड्रॉलिक पॉवर पॅक, मोल्डिंगचे बॅरल हीटर, गरम व्हायला वेळ घेणारी भट्टी. लाल म्हणजे हात लावायचा नाही: ईटीपीचा (सांडपाणी शुद्धीकरणाचा) ब्लोअर, सर्व्हर, पेंट आणि सॉल्व्हंटच्या जागेचा एक्झॉस्ट, आग विझवण्याचे पंप. जैविक ईटीपीचा ब्लोअर उत्साहाच्या भरात रात्री बंद केला, तर टाकीतले जीवाणू गुदमरतात आणि प्रक्रिया पुन्हा रुळावर यायला कित्येक दिवस जातात. वीज वाचते आणि नाला खराब होतो.

ठिपके लावताना प्रॉडक्शन, मेंटेनन्स आणि सेफ्टी तिघांनाही सोबत घ्या. आणि प्लांट हेडने लेखी द्यावं: हिरवा ठिपका बंद केल्यामुळे काही अडलं, तर कोणालाही दोष दिला जाणार नाही. हे एका ओळीचं पत्र फलकावर लावा.

कचरा: मागच्या दारापासून सुरुवात

रंगीत डबे विकत घेणं सोपं असतं, म्हणून सगळे तिथून सुरू करतात. कामगार चार दिवस ओलं-सुकं वेगळं टाकतो. पाचव्या दिवशी संध्याकाळी त्याला दिसतं की हाउसकीपिंगच्या ट्रॉलीत दोन्ही डबे एकत्र ओतले जात आहेत. सहाव्या दिवसापासून तो वेगळं टाकत नाही, आणि त्याला दोष देता येत नाही. आधी मागचं दार सरळ करा: ट्रॉलीला कप्पे, यार्डात वेगळ्या जागा, उचलणाऱ्याशी वेगळा करार. मग डबे.

कारखान्यात सगळ्यात महत्त्वाचं वर्गीकरण ओल्या-सुक्याचं नाही, तेलकट आणि कोरड्याचं आहे. तेल लागलेलं कॉटन वेस्ट आणि चिंध्या २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या पहिल्या अनुसूचीत ३३.२ क्रमांकाखाली येतात, वापरलेलं तेल ५.१ खाली. ते साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही आणि अधिकृत ठिकाणीच पाठवावं लागतं. तळोजा आणि रांजणगाव इथे अशा सामायिक सुविधा आहेत. एक मूठभर तेलकट चिंधी पुठ्ठ्याच्या डब्यात पडली की तो सगळा पुठ्ठा विकता येत नाही. म्हणून तेलकट चिंधीचा झाकणाचा डबा मशीनपासून दहा पावलांच्या आत हवा. त्याहून लांब ठेवला, तर चिंधी जवळच्या डब्यातच जाते.

झाडलोट करणाऱ्या मावशींना आणि कंत्राटी मुलांना पहिल्याच बैठकीत बोलवा, खुर्ची द्या. कुठला डबा रोज चुकतो, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. त्यांना हातमोजे आणि कोपर झाकणारे गाऊन देऊनच वर्गीकरणाची अपेक्षा करा. पुठ्ठा आणि कोरड्या प्लॅस्टिकच्या विक्रीतून येणारी रक्कम कामगारांच्या कल्याण निधीत जाऊ द्या आणि दर महिन्याला फलकावर लिहा.

फलकावर काय लिहावं, बक्षीस काय द्यावं

एकूण युनिट लिहू नका. ऑर्डर वाढली की युनिट वाढणारच आणि चांगलं काम करणाऱ्यांनाही हरल्यासारखं वाटतं. किलोमागे किंवा शंभर नगांमागे युनिट लिहा, पाळीनुसार. कॅन्टीनमध्ये काल ताटात टाकलेल्या अन्नाचं वजन आणि त्यात किती जणांचं जेवण झालं असतं, एवढंच. कोणाच्या ताटाचा फोटो लावायचा नाही. वाढताना अर्धी चपाती आणि लहान पळी मागता आली, तर वजन आपोआप उतरतं.

सरासरी सांगताना एक काळजी घ्या. कॅलिफोर्नियातल्या घरांवर २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना शेजाऱ्यांचा सरासरी वीजवापर सांगितला गेला. जास्त वापरणारे खाली आले, पण कमी वापरणारे वर चढले. ज्यांच्या पत्रकावर हसरा चेहरा काढला होता, ते मात्र कमीवरच टिकले. म्हणून पुढे असलेल्या पाळीला नुसता आकडा दाखवून सोडू नका, प्लांट हेडने जाऊन ‘चांगलं चाललंय’ म्हणावं.

वाचवलेल्या युनिटमागे रोख पैसे देण्याचा मोह टाळा. पैसे लागले की एक्झॉस्ट बंद होतात, रीडिंगच्या वेळा सरकतात आणि दोन पाळ्यांत भांडणं लागतात. त्यापेक्षा वाचलेल्या रकमेतला ठरलेला हिस्सा लोकांनी मागितलेल्या गोष्टीवर खर्च करा: पाणी थंड करणारं यंत्र, सायकल स्टँडवर पत्रे, विश्रांतीच्या खोलीत पंखे. त्यावर ‘टॅगच्या बचतीतून’ अशी पाटी लावा.

५ जूनच्या, म्हणजे पर्यावरण दिनाच्या, झाडांबद्दल थोडंसं. झाडं जरूर लावा, पण लावण्याआधी नोव्हेंबर ते मे पाणी कोण घालणार त्याचं नाव रजिस्टरमध्ये लिहा. नाव लिहायला कोणी तयार नसेल, तर तेवढीच कमी झाडं लावा.

हेच रजिस्टर ग्राहकाला

मोठ्या सूचीबद्ध कंपन्यांना सेबीच्या नियमांनुसार पर्यावरणाची माहिती जाहीर करावी लागते आणि त्या ती आपल्या पुरवठादारांकडे मागतात. युरोपला पोलाद किंवा ॲल्युमिनियम पाठवणाऱ्यांना तिकडच्या सीमा-कार्बन नियमांसाठीही आकडे द्यावे लागतात. त्यासाठी वेगळा सल्लागार आणून फाइल बनवण्याआधी टॅग, मीटर आणि कचऱ्याची हीच नोंदवही तारखेनिशी नीट ठेवा. मागची सहा महिन्यांची पानं एका बैठकीत भरून काढली, तर ती तपासणीत ओळखू येतात.

नव्वदाव्या दिवशी

पहिल्या आठवड्यातल्या तिन्ही चाचण्या तशाच पुन्हा घ्या. तोच कंप्रेसर, तोच दाब, व्हॉल्व्ह उघडे, पाच वेळांची सरासरी. यावेळी ज्या लाइनवर टॅग सुरू केले, तिथल्या दोन ऑपरेटरना घड्याळ हातात द्या आणि वेळ त्यांनाच टिपू द्या. गळती कमी झाली असेल, तर कंप्रेसरचा दाब अर्धा बार उतरवून आठवडाभर बघा. एक बार दाब कमी केला की वीज साधारण ६ ते १० टक्क्यांनी कमी लागते. कुठल्या मशीनला कमी दाब चालत नाही, ते त्या आठवड्यात कळेल आणि तेवढ्या एका मशीनसाठी बूस्टर लावणं पूर्ण लाइनचा दाब वाढवण्यापेक्षा बहुतेक वेळा स्वस्त पडतं.

आकडा हलला नसेल, तर टॅगची वही उघडा आणि ४८ तासांत उत्तर न मिळालेले टॅग मोजा. त्यातले किती स्टोअरमुळे अडले, किती शटडाउनमुळे आणि किती सहीमुळे, ते वेगळं काढा. सहीमुळे अडलेल्यांची यादी प्लांट हेडच्या टेबलावर ठेवा. दुसरी लाइन ती यादी संपल्यावर सुरू करा.